उठून जाता यावं, परतही येता यावं

एका हौशी सांस्कृतिक गटाचं काम पाहणाऱ्या वाचक लिहितात: गेल्या महिन्यात त्यांच्या गाण्याच्या मैफलीला एक बाई आपल्या विशीतल्या मुलाला घेऊन आल्या होत्या. मुलगा ऑटिस्टिक (स्वमग्न) आहे हे आयोजकांना माहीत नव्हतं. पहिला अर्धा तास तो डोलत, बोटं हलवत ऐकत होता. मग माइकमधून कर्कश शिट्टी निघाली, पाठोपाठ टाळ्यांचा कडकडाट झाला आणि तो कानांवर हात दाबून मोठ्यानं हुंकार देऊ लागला. पुढच्या रांगेतून ‘शूऽऽ’ आलं. एका स्वयंसेवकानं खांद्याला धरून ‘जरा बाहेर चला’ म्हटलं, त्यावर तो आणखी बिथरला. दोघंही निघून गेले. रात्री आईचा संदेश आला: ‘त्रास दिल्याबद्दल माफ करा. पुन्हा आणणार नाही.’ तेव्हापासून गटात वाद सुरू आहे. कोणी म्हणतं, अशा लोकांसाठी वेगळा कार्यक्रम ठेवू. कोणी म्हणतं, प्रमाणपत्र पाहून एक कोपरा राखून देऊ. कोणी विचारतं, एकदोन जणांसाठी बाकी दीडशे जणांचा रसभंग का? पत्रलेखिकेचा प्रश्न असा: ‘आम्हाला मनापासून चांगलं करायचं आहे. पण मैफलीचा जीव न घालवता हे जमेल का?’

नमस्कार.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘पहिला अर्धा तास तो डोलत, बोटं हलवत ऐकत होता.’ घडलेल्या प्रसंगाची पार्श्वभूमी म्हणून तुम्ही ते लिहून गेलात. मला मात्र सगळं पत्र त्याच वाक्यात आहे असं वाटलं. त्या सभागृहात त्याच्याइतकं अंगभर कोण ऐकत होतं? गायकाला असाच श्रोता हवा असतो. मग यंत्रणेत बिघाड झाला, शिट्टी निघाली आणि त्याचं ऐकणं तुटलं. म्हणजे रसभंग आधी त्याचा झाला. बाकीच्यांचा नंतर, आणि तोही काही क्षणांपुरता. तुमच्या गटातला वाद सुरू होतो तो ‘बाकीच्यांच्या रसभंगा’पासून. सुरुवात एक पाऊल अलीकडून केली तर प्रश्नच वेगळा दिसू लागतो: त्याला थांबता येईल असं का करू शकलो नाही आपण?

‘एकदोन जण’ हेही मला पटत नाही. ऑटिझम, एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वस्थ बसणं अवघड जाणं), डिस्लेक्सिया (वाचणं-लिहिणं अवघड जाणं), डिस्प्रॅक्सिया (हालचालींचा मेळ घालणं अवघड जाणं), टुरेट सिंड्रोम (आपोआप हालचाली होणं, आवाज निघणं) अशा अनेक तऱ्हांनी ज्यांचा मेंदू बहुसंख्यांपेक्षा वेगळ्या रीतीनं चालतो, त्यांना न्यूरोडायव्हर्जंट म्हणतात. यातलं काहीच कपाळावर लिहिलेलं नसतं. कित्येकांना स्वतःचं निदान चाळिशी-पन्नाशीत होतं, कित्येकांना कधीच होत नाही. ते तुमच्या कार्यक्रमाला आजही येतात. कडेची खुर्ची शोधतात, मध्यंतरात गर्दीत न थांबता जिन्यात जाऊन उभे राहतात, घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत थकून पडतात. तुमच्या कार्यकारिणीतच असं कुणी असेल, तर वाद चालू असताना ते गप्प बसले असतील. हा मुलगा तुम्हाला दिसला कारण त्याला लपवता आलं नाही.

आता त्या क्षणी त्याला काय झालं असेल ते थोडं सविस्तर बघू, कारण उपाय त्यातूनच निघतात. आवाज, प्रकाश, स्पर्श, वास यांना मिळणारा प्रतिसाद फार तीव्र किंवा फार मंद असणं हे ऑटिझमच्या निदानाच्या अमेरिकी निकषांत २०१३ पासून नोंदलेलं आहे. ऑटिस्टिक माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून हेच सांगत होती. तुम्हाआम्हाला माइकची शिट्टी टोचते आणि आपण ती क्षणात विसरतो. काहींच्या बाबतीत तो आवाज ओसरत नाही, वेदनेसारखा आत राहतो. त्यावर टाळ्या आल्या, मग ‘शूऽऽ’, दीडशे जणांचे डोळे, आणि शेवटी अनोळखी हात खांद्यावर. मडकं आधीच काठोकाठ भरलेलं होतं. त्याचा हुंकार हा हट्ट नव्हता. बाहेरचा आवाज बुजवण्यासाठी स्वतःचा, ओळखीचा, आपल्या ताब्यातला आवाज काढणं हा स्वतःला सावरण्याचा मार्ग असतो. डोलणं, बोटं हलवणं, एखादा शब्द पुन्हा पुन्हा म्हणणं, या साऱ्याला स्टिमिंग म्हणतात. ते थांबवायला सांगणं म्हणजे बुडणाऱ्याच्या हातातली फळी काढून घेणं.

तुमच्या स्वयंसेवकाला मी दोष देत नाही. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी २०१२ साली मांडलं की ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही असं आपण म्हणत राहतो, पण इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचं मन तितकंच कळत नसतं. न समजणं दोन्ही बाजूंचं असतं. तुमच्या मैफलीत नेमकं तेच झालं, फक्त माफी एकाच बाजूनं मागितली.

आता वेगळ्या कार्यक्रमाविषयी. ही सूचना करणाऱ्याचा हेतू चांगला आहे, म्हणून ती झटकून टाकत नाही. परदेशातल्या नाट्यगृहांत ‘रिलॅक्स्ड परफॉर्मन्स’ नावाचे प्रयोग बऱ्याच वर्षांपासून होतात. प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण मालवत नाहीत, दचकवणारे आवाज कमी करतात, बोलायला, हलायला, आतबाहेर करायला मोकळीक असते. ब्रॉडवेवर २०११ साली एका मोठ्या संगीतिकेचा असा प्रयोग खास ऑटिस्टिक प्रेक्षक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी झाला. ज्या घरांनी एकत्र नाटकाला जाण्याची आशाच सोडलेली असते, त्यांना असा प्रयोग किती मोठा वाटतो हे वेगळं सांगायला नको.

पण जेस थॉम यांचा अनुभवही ऐका. या ब्रिटिश कलाकाराला टुरेट सिंड्रोम आहे, म्हणजे तोंडून आपोआप शब्द आणि आवाज निघतात. एका कार्यक्रमाला त्या आधी कल्पना देऊन गेल्या होत्या. तरीही मध्यंतरात, इतरांच्या तक्रारी आल्या म्हणून, त्यांना ध्वनियंत्रणेच्या बंद खोलीत जाऊन बसायला सांगितलं. त्या काचेमागे बसून त्या रडल्या. पुढे त्या सांगू लागल्या की प्रेक्षागृहातली एकच जागा अशी आहे जिथून आपल्याला कुणी उठवणार नाही, ती म्हणजे रंगमंच. आणि त्या खरोखर रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांच्या टुरेट्सहीरो या संस्थेबरोबर काम करून लंडनच्या बॅटरसी आर्ट्स सेंटरनं २०२० साली सगळी वास्तूच ‘रिलॅक्स्ड’ केली. ठरावीक प्रयोगापुरतं नाही, तर नेहमीसाठी.

माझा कौल त्या बाजूला आहे. वर्षातून एक खास कार्यक्रम जरूर ठेवा, पण तो ठेवला म्हणून बाकीच्या कार्यक्रमांना हात लावायचा नाही, असं होऊ देऊ नका. त्या मुलाला ‘त्याच्यासारख्यांसाठी’ निवडलेलं गाणं ऐकायचं नव्हतं. त्याला तो गायक ऐकायचा होता.

प्रमाणपत्राला मात्र माझा स्पष्ट नकार आहे. निदान मिळायला वेळ आणि पैसा लागतो, ते प्रत्येकाला परवडत नाही. शिवाय कडेची खुर्ची मिळवण्यासाठी कुणी आपल्या मेंदूचा कागद अनोळखी माणसाला का दाखवावा? हिरव्या पट्टीवर सूर्यफुलं असलेली एक गळपट्टी अनेक विमानतळांवर दिसते. २०१६ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर ती सुरू झाली. ती घालणारा एवढंच सांगतो की माझं अपंगत्व दिसणारं नाही, मला थोडा जास्त वेळ किंवा मदत लागू शकते. पुरावा कुणी मागत नाही. तुम्हीही नाव नोंदवताना एकच प्रश्न विचारा: ‘कार्यक्रम तुम्हाला सोयीचा व्हावा यासाठी आम्ही काही करू शकतो का?’ खाली रिकामी जागा ठेवा. आजाराचं नाव विचारू नका. त्या जागेत लोक काय लिहितात ते बघून तुम्ही चकित व्हाल. गुडघेदुखीवाले लिहितील, लहान बाळाची आई लिहील, मायग्रेनवाले लिहितील.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो कार्यक्रमाच्या आधी, आणि त्याला पैसे जवळपास लागतच नाहीत. गोंगाटाइतकीच जाचणारी गोष्ट म्हणजे पुढे काय होणार हे माहीत नसणं. म्हणून ते कळवा. कॅरल ग्रे या अमेरिकी शिक्षिकेनं १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑटिस्टिक मुलांसाठी छोट्या, साध्या गोष्टी लिहायला सुरुवात केली: अमुक ठिकाणी गेल्यावर काय होतं, कोण भेटतं, काय करता येतं. तीच कल्पना वापरून अनेक नाट्यगृहं आपल्या जागेची सचित्र ओळख तयार करतात. तुमच्यापैकी कुणीतरी फोन घेऊन एका दुपारी सभागृहात जा. फाटक, प्रवेशाचं दार, रांग लागते ती जागा, खुर्च्या, स्वच्छतागृह, बाहेर पडण्याची दारं, शांत खोली, सगळ्यांचे फोटो काढा आणि प्रत्येकाखाली एक साधं वाक्य लिहा. स्वच्छतागृहात हात वाळवण्याचं गरजणारं यंत्र असेल तर तेही लिहा. कार्यक्रम किती वाजता, मध्यंतर कधी, किती मिनिटांचं, अंदाजे कधी संपेल, प्रेक्षकांना प्रश्न विचारतात का, अचानक अंधार किंवा मोठा आवाज कुठे आहे, हे सगळं त्यात यावं. उशीर होणार असेल तर तसं जाहीर करा. ‘थोड्याच वेळात’ म्हणू नका. ‘पंधरा मिनिटांनी’ म्हणा आणि ते पाळा. पत्रक छापताना अक्षर १२ ते १४ पॉइंटचं, ओळींत मोकळी जागा, मागे चित्र नको. डिस्लेक्सिया असलेल्यांना ते वाचता येईल आणि चष्मा विसरलेल्यांनाही.

आवाजाचं बोलू, कारण तुमचा प्रसंग तिथूनच सुरू झाला. माइकची सगळी चाचणी दारं उघडण्याआधी संपलीच पाहिजे. साउंडवाल्याला शिट्टीबद्दल आधीच बजावा; माइक स्पीकरच्या तोंडासमोर आला की ती निघते, म्हणून माइक आणि स्पीकर कुठे ठेवायचे ते आधी ठरवा आणि निवेदकाला माइक हातात घेऊन फिरू देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली कार्यक्रमस्थळांसाठी सुरक्षित श्रवणाचा मानदंड प्रसिद्ध केला. त्यात १५ मिनिटांच्या सरासरीनं १०० डेसिबल ही वरची मर्यादा आहे, आणि कानात घालायचे बोळे उपलब्ध ठेवणं, शांत जागा असणं, कर्मचाऱ्यांना माहिती देणं हेही आहे. हा मानदंड न्यूरोडायव्हर्जंट माणसांसाठी लिहिलेला नाही, सगळ्यांचे कान वाचावेत म्हणून आहे. तुमच्या गटात ‘एकदोघांसाठी कशाला’ म्हणणाऱ्यांना हे नक्की सांगा. आणि १०० ही कमाल मर्यादा आहे, गाठायचं लक्ष्य नव्हे. १० डेसिबलनं आवाज वाढला की ध्वनीची तीव्रता दहापट होते, तेव्हा मैफलीत तो बराच खाली राहू द्या. दिव्यांचंही तसंच. लुकलुकणारे झगमगाटी दिवे शक्यतो नकोतच. सेकंदाला ३ पेक्षा जास्त वेळा चमकणारा प्रकाश काही जणांना अपस्माराचा झटकाही आणू शकतो.

टाळ्यांविषयी माझी स्वतःची एक गोष्ट सांगते. मी बरीच वर्षं निवेदन केलं आहे. ‘आवाज ऐकू आला नाही, पुन्हा एकदा जोरदार टाळ्या!’ हे वाक्य मी असंख्य वेळा म्हटलं. एका कार्यक्रमानंतर एक मुलगी भेटली. म्हणाली, तुमचं निवेदन मला आवडतं, मी ते नेहमी बाहेरच्या बोळात उभी राहून ऐकते, कारण तुम्ही टाळ्या मागता. त्या दिवसापासून मी ते वाक्य सोडलं. टाळ्या बंद करा असं मी म्हणणार नाही, मैफलीत दाद उत्स्फूर्तच येणार. पण ती मागून वाढवू नका. समेवर येणारी दाद जाणकार श्रोत्याला आधी कळते. निवेदकानं उकळलेल्या टाळ्या कुणालाच आधी कळत नाहीत.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. कार्यक्रमातून उठून जाता आलं पाहिजे आणि परत येता आलं पाहिजे, मान खाली न घालता. ज्या माणसाला ठाऊक असतं की मी केव्हाही बाहेर पडू शकतो, तो बहुतेक वेळा बाहेर पडतच नाही. दार बंद आहे या भीतीनंच निम्मी घुसमट होते. सुरुवातीला निवेदकानं दोन वाक्यं म्हणावीत, सगळ्यांना उद्देशून: ‘कुणालाही मध्येच उठावंसं वाटलं, बसल्याजागी हलावंसं वाटलं, कानावर काही लावावंसं वाटलं तर मोकळेपणानं करा. डावीकडच्या दारानं बाहेर गेलात की शांत खोली आहे, आणि परत येताना कुणी अडवणार नाही.’ हे कलाकारालाही आधी सांगून ठेवा, म्हणजे समोरून कुणी उठलं तर त्याला अपमान वाटणार नाही. आणि कडेच्या, दाराजवळच्या दहाबारा खुर्च्या मोकळ्या ठेवा. त्यांवर ‘राखीव’ अशी पाटी असू दे, कोणासाठी ते लिहू नका.

शांत खोलीबद्दल एक कळकळीची विनंती. ती सामान ठेवण्याची, कलाकारांच्या नट्टापट्ट्याची किंवा स्वयंसेवकांच्या गप्पांची खोली असू नये. मंद उजेड, दोनतीन खुर्च्या, जमिनीवर बसायला काहीतरी, पाणी, इतकं पुरे. तिथे कार्यक्रमाचा आवाज पोचू देऊ नका. आत असलेल्याशी कुणी गप्पा मारायला जाऊ नये. आणि कुणालाही तिथे ‘पाठवायचं’ नाही. ज्या दिवशी तुमचा स्वयंसेवक कुणाला म्हणेल ‘तुम्ही शांत खोलीत बसा’, त्या दिवशी ती जेस थॉम यांची काचेची खोली झाली असं समजा.

स्वयंसेवकांना अर्धा तास द्या, जास्त शिकवू नका. परवानगीशिवाय स्पर्श नाही. डोळ्याला डोळा भिडवण्याची सक्ती नाही. कुणी बेचैन दिसलं तर बाजूला, जरा लांब उभं राहून हळू आवाजात एकच छोटा प्रश्न: ‘बाहेर जायचं आहे का?’ उत्तर लगेच आलं नाही तर थांबा, तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारू नका, कारण ऐकणारा पहिलं वाक्य अजून पचवत असतो. काही जण ताणाखाली बोलू शकत नाहीत, एरवी कितीही बोलत असले तरी. त्यांच्यासाठी ‘हो’, ‘नाही’, ‘बाहेर’, ‘एकटं राहू द्या’ असं लिहिलेलं एक कार्ड खिशात असावं. भोवतालची गर्दी मात्र हटवा. मदतीची गरज तिथे जास्त असते.

ओळखीपाळखीचे, गप्पांचे कार्यक्रमही तुम्ही करता असं लिहिलं आहे. ऑटिस्टिक लोकांनीच ऑटिस्टिक लोकांसाठी १९९६ पासून भरवलेल्या ‘ऑट्रीट’ नावाच्या मेळाव्यांतून रंगीत बिल्ल्यांची एक सुंदर पद्धत पुढे आली. हिरवा म्हणजे माझ्याशी येऊन बोला, पिवळा म्हणजे ओळखीच्यांनीच बोला, लाल म्हणजे आत्ता नको. बिल्ले दारात एका टोपलीत ठेवा, कुणीही घ्यावेत, मध्येच बदलावेत. न्यूरोडायव्हर्जंट नसलेली लाजाळू माणसं ते आधी उचलतील.

आता तुमच्यातल्या विरोधकांचं म्हणणं. त्यांच्या बोलण्यात एक खरी अडचण आहे आणि ती मी झाकणार नाही. गरजा एकमेकींना छेदतात. एकाला सावरायला हुंकार द्यावा लागतो, शेजारच्या दुसऱ्या ऑटिस्टिक माणसाला तोच हुंकार सहन होत नाही. एकाला उजेड लागतो, एकाला अंधार. काहींना तर आवाज कमी पडतो, ते मुद्दाम स्पीकरजवळ बसतात. सगळ्यांना एकाच वेळी पुरेल अशी रचना कुठेच नसते. म्हणून सभागृहात वेगवेगळे भाग असू द्या: पुढे जास्त आवाज, मागे कमी, कडेला हालचालीची मोकळीक. कुठे काय आहे ते आधी कळवा आणि निवड ज्याची त्याला करू द्या. अगदी हळुवार आलापात कुणाचा तरी आवाज येईल, हो, येईल. खोकलाही येतो, फोनही वाजतो, आणि आपण सावरून घेतो. तेवढीच सवय इथे हवी. मैफलीचा जीव निःशब्द श्रोत्यांत असतो असं तुम्ही धरून चालला आहात. मला तो गाण्यात रमलेल्या श्रोत्यांत दिसतो, आणि त्यातला एक तुम्ही नकळत गमावलात.

सगळं एकदम करू नका. पुढच्या कार्यक्रमाला माहितीपत्रक, कडेच्या खुर्च्या, दोन वाक्यांची सूचना आणि एक शांत खोली, एवढं जमवा. त्यानंतर न्यूरोडायव्हर्जंट अशा दोनतीन प्रौढ व्यक्तींना बोलवून सभागृह दाखवा आणि काय खटकतं ते विचारा. त्यांच्या वेळेचं मानधन द्या. साउंडवाल्याला देता, तसंच. पालक आणि तज्ज्ञ यांना विचारलं म्हणजे झालं, असं धरू नका. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयी संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये केलेल्या करारात ३०वं कलम सांस्कृतिक जीवनात इतरांच्या बरोबरीनं सहभागी होण्याविषयी आहे. तिथे शब्द हक्क असा आहे. तुमच्या गटात ‘आपण किती करायचं’ असा सूर लागेल तेव्हा हा शब्द बोलून दाखवा.

राहता राहिला आईचा संदेश. तुम्ही लिहिता की त्याला काय उत्तर द्यावं ते सुचत नाही, म्हणून अजून दिलेलं नाही. कृपा करून आजच द्या. महिनाभराच्या शांततेचा त्यांनी काय अर्थ लावला असेल ते मला कल्पनेतही नकोसं वाटतं. आणि एक गोष्ट पत्रात मला कुठेच सापडली नाही, ती म्हणजे त्या मुलाचं म्हणणं. तो विशीत आहे. तो बोलतो, लिहितो, टाइप करतो की चित्र दाखवतो हे तुम्हाला माहीत नाही, तेव्हा विचारा. मी असं काहीसं लिहिलं असतं, तुम्ही आपल्या शब्दांत लिहा:

‘माफी आम्ही मागायला हवी. माइकची शिट्टी आमच्या चुकीनं निघाली, आणि आमच्या माणसानं तुमच्या मुलाला न विचारता हात लावला. तो पहिला अर्धा तास किती मन लावून ऐकत होता ते आम्ही पाहिलं. त्याला पुन्हा यावंसं वाटतं का, आणि कशानं सोपं जाईल, हे त्याला विचाराल का? त्यानं थेट आम्हाला कळवलं तर आणखी आवडेल, बोलून, लिहून, कसंही. पुढच्या वेळी दाराजवळच्या दोन खुर्च्या तुमच्यासाठी ठेवत आहोत. आधी एकदा सभागृह रिकामं असताना बघून जायचं असेल तर वेळ सांगा, आम्ही उघडून देऊ.’

तो ‘नको’ म्हणाला, तर ते उत्तरही तितक्याच आदरानं घ्या. खुर्च्या मात्र ठेवा.